कपड्यांचा दुसरा जोड

"रस्त्यावर राहणाऱ्यांच्या अंगावर उवा पडतात, त्यावर काही औषध नाही का?" बेघरांच्या आरोग्याचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा येतो: "निदान आंघोळ तरी करता येत नाही का त्यांना?" दोन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे, की ऊ माणसाच्या अंगावर राहते. म्हणून अंग धुतलं, केस कापले, औषध चोळलं की ती जाईल. डोक्यातल्या उवेबद्दल हे काही अंशी खरं आहे. पण रोग पसरवणारी ऊ वेगळी असते आणि ती अंगावर मुक्काम करत नाही. ती कुठे राहते हे समजलं की हे आजार कसे थांबवायचे याचं निम्मं उत्तर हाती येतं. उरलेलं निम्मं उत्तर पिसवांचं आहे, आणि तेही त्या कुठे राहतात यावरच अवलंबून आहे. म्हणून या प्रकरणात आपण औषधांच्या आधी राहण्याच्या जागा पाहू.

१. तीन उवा, धोक्याची एक

माणसाच्या रक्तावर तीन प्रकारच्या उवा जगतात. पहिली डोक्यातली. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी ती सगळ्यांच्या ओळखीची असते. तिच्या लिखा केसांना चिकटतात आणि बारीक दातांच्या फणीने काढाव्या लागतात. ती वैताग देते, पण सहसा मोठा आजार देत नाही. दुसरी गुप्तांगाच्या केसांत राहते. तिसरी अंगावरची ऊ. दिसायला ती डोक्यातल्या उवेसारखीच, दोन ते चार मिलिमीटरची. या प्रकरणात आपल्याला काळजी आहे ती हिची.

ही ऊ उडत नाही, उडी मारत नाही, फक्त सरपटते. त्यामुळे बेघर माणसाच्या शेजारून चालत गेल्याने ती कुणाच्या अंगावर येत नाही. एकमेकांना खेटून झोपणं, एकच पांघरूण दोघांनी घेणं, एकाचे कपडे दुसऱ्याने घालणं, असा जवळचा संबंध आला तरच ती पसरते. म्हणजेच तिच्यापासून सर्वात जास्त धोका आहे तो बेघर माणसाला आणि त्याच्याशेजारी झोपणाऱ्याला. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांनी तिला घाबरण्याचं कारण नाही.

२. घर शिवणीत, खानावळ अंगावर

एकट्या राहणाऱ्या कामगाराची खोली एकीकडे असते आणि खानावळ दुसरीकडे. तो दिवसातून दोन-चारदा खानावळीत जातो, जेवतो आणि खोलीवर परत येतो. अंगावरच्या उवेचंही असंच आहे. तिची खोली म्हणजे कपड्याची शिवण: सदऱ्याची कॉलर, काख, पँटचा पट्टा, अंतर्वस्त्रांच्या कडा. दिवसातून काही वेळा ती कातडीवर येते, रक्त पिते आणि पुन्हा शिवणीत जाते. अंडीही ती शिवणीतल्या धाग्यांनाच चिकटवते.

आता आंघोळीच्या प्रश्नाकडे परत येऊ. एखाद्या माणसाने रोज साबण लावून स्वच्छ आंघोळ केली आणि तेच कपडे पुन्हा चढवले, तर उवेचं काय बिघडलं? तिची खानावळ धुऊन निघाली, खोलीला हातही लागला नाही. उलट एखाद्याला आठवडाभर आंघोळ मिळाली नाही, पण कपडे मात्र गरम पाण्यात धुतलेले मिळत राहिले, तर उवा फार दिवस टिकत नाहीत.

हिशोब असा. अंडी साधारण एक ते दोन आठवड्यांत फुटतात. मोठी ऊ माणसापासून दूर, रक्तावाचून, आठवडाभराच्या आत मरते. म्हणून समजा, कुणाचा स्वेटर धुण्यासारखा नाही. तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाजूला ठेवला, तर त्यातल्या मोठ्या उवा पहिल्या आठवड्यात उपाशी मरतील. पण अंडी शिल्लक असतील. आठव्या दिवशी पिशवी उघडून स्वेटर अंगात घातला, तर फुटलेल्या अंड्यांतल्या पिल्लांना लगेच जेवायला मिळेल. म्हणून पिशवी किमान दोन आठवडे बांधलेली ठेवायची.

धुण्याचं गणितही सोपं आहे. थंड पाण्यात कपडा भिजवला तर ऊ मरेलच असं नाही. पाणी किमान ५४ अंश सेल्सियस गरम हवं, किंवा नंतर कपडे यंत्रात कडक उष्णतेवर सुकवायला हवेत. यंत्र नसेल तर कपडे उकळावेत किंवा शिवणीवरून कडक इस्त्री दाबून फिरवावी. परिटाच्या भट्टीत कपडे उकळण्याची आपली जुनी रीत या उवेला नेमकी लागू पडते.

३. दवाखान्याच्या दारात थांबलेला आजार

ऊ रोग पसरवते हे कसं कळलं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोल ट्युनिसच्या पाश्चर संस्थेचे संचालक होते. तिथे टायफसच्या साथी वारंवार येत. टायफस हा आपल्या ओळखीच्या टायफॉइडहून पूर्ण वेगळा आजार आहे: जोराचा ताप, डोकं फुटेल अशी वेदना, अंगावर पुरळ, बडबड. उपचार न मिळाल्यास दर दहांतले एक ते चार रुग्ण दगावतात.

निकोल यांना एक गोष्ट विलक्षण वाटली. टायफसचा रुग्ण घरी असताना घरच्यांना आजार देई. रुग्णालयाच्या दारात त्याला दाखल करून घेणाऱ्यांना आणि त्याचे कपडे हाताळणाऱ्यांनाही आजार होई. पण आंघोळ घालून, रुग्णालयाचे कपडे चढवून तो वॉर्डात आला, की शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला काहीच होत नसे. म्हणजे आजार पसरवणारं जे काही होतं, ते दारातच, जुन्या कपड्यांबरोबर मागे राहत होतं. १९०९ मध्ये त्यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं, की ते काहीतरी म्हणजे ऊ. १९२८ चं नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळालं.

या शोधाची किंमत काहींनी जिवाने मोजली. अमेरिकेचे हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसचा अभ्यास करताना टायफसनेच गेले. स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक १९१५ मध्ये तसेच गेले. टायफसच्या जंतूला रिकेट्सिया प्रोवाझेकी हे नाव या दोघांवरून पडलं.

अंगावरची ऊ तीन आजार पसरवते: टायफस, उलटून येणारा ताप आणि खंदकज्वर. यातलं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. टायफस आणि खंदकज्वर यांचे जंतू उवेच्या चाव्यातून अंगात शिरत नाहीत. ते तिच्या विष्ठेत असतात. ऊ चावली की खाज सुटते, माणूस खाजवतो, कातडीला ओरखडे पडतात आणि विष्ठेतले जंतू त्यातून आत जातात. उलटून येणाऱ्या तापात ऊ चिरडली गेल्याने जंतू बाहेर पडतात. म्हणून ऊ नखांवर मारण्याची सवय इथे धोक्याची आहे, आणि खाज कमी करणं, नखं कापणं, ओरखडे स्वच्छ ठेवणं हेसुद्धा प्रतिबंधाचंच काम आहे.

आणखी एक गोष्ट साथीचा वेग ठरवते. तापाने फणफणलेलं अंग उवेला सोसत नाही, आणि मेलेल्या माणसाचं थंड अंगही तिच्या कामाचं नाही. दोन्ही वेळेला ती शेजारच्या माणसाकडे सरपटत जाते. गर्दीच्या तुरुंगात आणि छावणीत टायफस वणव्यासारखा पसरतो तो यामुळे. १९९० च्या दशकात बुरुंडीमध्ये यादवी युद्धाने विस्थापित झालेल्यांच्या छावण्यांत हेच घडलं.

४. खंदकातून फूटपाथवर

खंदकज्वर हे नाव पहिल्या महायुद्धातलं. खंदकांत महिनोन्‌महिने त्याच कपड्यांत राहणाऱ्या सैनिकांना दर पाच-सहा दिवसांनी उसळणारा ताप येई आणि नडग्या असह्य दुखत. युद्ध संपलं, सैनिकांना कोरडे स्वच्छ कपडे मिळाले, आजार विस्मृतीत गेला.

१९९३ मध्ये तो पुन्हा दिसला, तोही अमेरिकेतल्या सिएटल या श्रीमंत शहरात. सहा महिन्यांत एका रुग्णालयातल्या दहा रुग्णांच्या रक्तात बार्टोनेला क्विंटाना, म्हणजे खंदकज्वराचा जंतू सापडला. त्यांतले बहुतेक बेघर होते आणि दारूच्या आहारी गेलेले होते. त्यानंतर फ्रान्समधल्या मार्सेय शहरात रुग्णालयात आलेल्या ७१ बेघरांची तपासणी झाली. १० जणांच्या रक्तात हा जंतू जिवंत होता. पुढे सॅन फ्रान्सिस्को, डेन्व्हर, न्यूयॉर्क इथेही बेघरांमध्ये तो आढळला.

यातला खरा धोका शांतपणे येतो. हा जंतू कधी कधी काही तक्रार न देता महिनोन्‌महिने रक्तात राहतो आणि हळूहळू हृदयाच्या झडपा खराब करतो. नेहमीच्या रक्ततपासणीत तो सहज सापडत नाही. डॉक्टरांनी त्याचा संशय घेऊन मुद्दाम शोधावा लागतो. दम लागतो, पाय सुजतात, तोवर झडप बदलण्याची वेळ आलेली असते. म्हणून बेघर रुग्ण तापाने किंवा हृदयाच्या तक्रारीने आला तर डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायलाच हवा: अंगाला खाज येते का, कपड्यांत उवा दिसतात का? आणि सदऱ्याची शिवण उलटून पाहायला हवी.

थंड हवेच्या शहरांत हा आजार जास्त का? थंडीत माणूस थरांवर थर घालतो आणि ते दिवसरात्र काढत नाही. थर वाढले की शिवणी वाढतात, उवेला राहायला जागा वाढते.

५. औषध एकटं का पुरत नाही?

औषधाने उवा मरतात यात शंका नाही. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये टायफसची साथ पसरली. तेव्हा लाखो लोकांच्या बाह्यांतून, गळ्यातून, कमरेच्या पट्ट्यातून डीडीटीची भुकटी पिचकारीने आत फवारली गेली आणि भर हिवाळ्यात साथ आटोक्यात आली. भुकटी कुठे फवारली ते पाहा: कपड्यांच्या आत. पण काही वर्षांतच, कोरियाच्या युद्धात, डीडीटीला न जुमानणाऱ्या उवा सापडल्या.

मार्सेयमधल्या संशोधकांनी पुढचे उपाय करून पाहिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवाऱ्यातल्या पुरुषांना आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आठवड्याच्या अंतराने तीनदा दिल्या. ऊ रक्त पिते तेव्हा औषधही पिते आणि मरते. सुरुवातीला सुमारे ८५ टक्के पुरुषांच्या अंगावर उवा होत्या. १४ व्या दिवशी हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आलं. पण ४५ व्या दिवसापर्यंत हा फायदा टिकला नाही. पुढे परमेथ्रिन या कीटकनाशकात बुडवलेली अंतर्वस्त्रं देऊन पाहिली. पहिल्या दोन आठवड्यांत थोडा गुण आला, दीड महिन्याने फरक उरला नाही, आणि परमेथ्रिनला दाद न देणाऱ्या उवा मात्र वाढल्या.

कारण आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. गोळी घेतलेला माणूस त्याच कपड्यांत, त्याच पांघरुणात, त्याच शेजाऱ्याजवळ झोपला, तर नव्या उवा येणारच. औषधाने काही दिवसांची मुदत मिळते. त्या मुदतीत कपडे बदलले नाहीत तर मुदत वाया जाते.

६. एका निवाऱ्याचं धुणं

मग करायचं काय? एका निवाऱ्याचं उदाहरण मांडून पाहू. समजा, तिथे ६० माणसं राहतात. प्रत्येकाचे अंगावरचे कपडे आणि पांघरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन, कडक उष्णतेत सुकवायचे आहेत. यंत्रात एका खेपेला चौघांचे कपडे मावतात असं धरू. म्हणजे आठवड्याला १५ खेपा, रोज दोन-तीन. एका खेपेला धुणं-सुकवणं मिळून दोन तास लागले, तर रोजचं काम चार ते सहा तासांचं. एक धुण्याचं यंत्र, एक सुकवण्याचं यंत्र आणि एक माणूस एवढ्यावर हे निभतं.

पण अडचण यंत्राची नसते. कपडे यंत्रात असताना माणसाने काय घालायचं? घरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. रस्त्यावर राहणाऱ्याकडे सहसा अंगावर आहे तेवढंच असतं. दुसरा जोड ठेवायला कपाट नसतं, बोचक्यात ठेवला तर चोरीला जातो किंवा पावसात भिजतो. म्हणून ६० माणसांच्या निवाऱ्याला ६० जणांपुरता कपड्यांचा जादा साठा लागतो, वेगवेगळ्या मापांचा, स्वच्छ आणि घालण्याजोगा. तो नसेल तर यंत्र असूनही चालत नाही.

दान देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडीत आपण स्वेटर वाटतो. तो जुन्या कपड्यांवरच चढवला, तर माणसाला ऊब मिळते आणि उवांना नव्या शिवणी. ऊब तर द्यायलाच हवी, पण त्यासोबत आंघोळीची सोय, आतल्या कपड्यांसकट पूर्ण जोड आणि जुने कपडे धुवायला टाकण्याची जागा असेल तर दान खऱ्या अर्थाने लागू पडतं. सगळे कपडे एकाच वेळी बदलणं यात महत्त्वाचं आहे. एक-एक कपडा बदलला तर ऊ जुन्यातून नव्यात सरकते.

७. पिसूचा बंदोबस्त वेगळा

पिसूचं आयुष्य उवेच्या उलट आहे. तिचे मूळ यजमान उंदीर, घूस, मांजर, कुत्रा असे प्राणी. तिची अंडी जनावराच्या अंगावरून खाली पडतात आणि अळ्या धुळीत, बिळात, अंथरुणात वाढतात. माणूस तिला अधूनमधून सापडतो. म्हणून उवेसाठी कपडे पाहायचे, तर पिसवांसाठी जमीन, कचरा आणि जनावरं पाहायची.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये २०१८ साली शहराच्या मध्यभागात पिसवांमुळे होणाऱ्या टायफसचे रुग्ण एकत्र सापडले. त्यांत बेघर माणसंही होती. हा टायफस उवेच्या टायफसपेक्षा सौम्य, जंतूही वेगळा, पण शरीरात शिरण्याची वाट तीच: पिसूची विष्ठा आणि खाजवलेली कातडी. लॉस एंजेलिस परगण्यात २०१० मध्ये याचे ३१ रुग्ण नोंदले गेले होते, २०२२ मध्ये १७१, आणि त्या वर्षी तीन मृत्यू झाले. हे सगळे रुग्ण बेघर नव्हते. पाळीव मांजरं आणि अंगणात येणारे प्राणी यांच्यामुळे घरांत राहणाऱ्यांनाही तो होतो. पण साचलेल्या कचऱ्याशेजारी, उंदरांच्या वाटेवर, जमिनीवर झोपणाऱ्याच्या वाट्याला धोका जास्त येतो, आणि ताप आला तर दवाखान्यात पोचायला उशीर होतो. डॉक्सिसायक्लिन हे साधं औषध वेळेवर मिळालं तर रुग्ण बरा होतो.

पिसवांबद्दलच्या ज्ञानात मुंबईचा मोठा वाटा आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी उंदराकडून उंदराकडे प्लेग नेणारी पिसू दाखवून दिली, पण अनेकांनी ते मानलं नाही. पुढे १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत ते पक्कं केलं. गिनिपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीजवळच्या पिंजऱ्यांत प्लेग पोचला, पिसूच्या उडीच्या आवाक्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यांत नाही. यातून आजही उपयोगी पडणारा धडा मिळतो: निवाऱ्यात झोपायला जमिनीवरच्या सतरंजीपेक्षा उंच खाट बरी.

दुसरा धडा क्रमाचा. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून दुसरं रक्त शोधतात. म्हणून आधी पिसवांवर फवारणी करायची, मग उंदीर मारायचे. उलट केलं तर भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात. या दोन्हींबरोबर कचरा रोज उचलायला हवा, कारण अन्न मिळत राहिलं तर उंदीर परत येतात. बेघर माणसाजवळ कुत्रा असेल तर त्याला हाकलू नये. पिसवांचं औषध लावावं. कुत्र्याला दार बंद असेल तर पुष्कळ जण निवाऱ्यात येण्याऐवजी बाहेर राहणं पसंत करतात.

८. दंडुका आणि शुश्रूषा

१८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड यांनी सैनिक पाठवून घरांची झडती घेतली, सामान बाहेर फेकलं, माणसं ओढून नेली. लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले. साथ लपवली गेली की वाढते. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा स्वतः केली आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा अंत झाला.

आज रस्त्यावरच्या वस्त्या उठवताना पहिला मार्ग पुन्हा पुन्हा निवडला जातो. बोचकी गाडीत भरून नेली की त्यात असतो तो कपड्यांचा दुसरा जोड, औषधाची पट्टी, आधार कार्ड. माणूस चार गल्ल्या पलीकडे जातो, अंगावरच्या कपड्यांसह, म्हणजे उवांसह. आरोग्य कर्मचारी त्याला पुन्हा शोधतात तेव्हा तो पळतो. कपडे जाळणं, जबरदस्तीने केस भादरणं यानेही हेच होतं. विचारून, पर्याय हातात देऊन, आडोसा देऊन कपडे बदलायला लावलं तर माणसं आनंदाने बदलतात. खाजेने रात्रभर झोप न लागणं कुणालाच नको असतं.

९. आपल्या शहरात काय विचारायचं?

२०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले, त्यांतले दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास खुला निवारा असावा असं सांगितलं. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची योजना आली. निवारे मोजताना आपण खाटा मोजतो. या प्रकरणातलं सगळं पटलं असेल, तर आपल्या नगरपालिकेला आणखी चार प्रश्न विचारायला हवेत:

- निवाऱ्यात कपडे आणि पांघरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात धुतली जातात का?
- धुणं होईपर्यंत घालायला दुसरा जोड मिळतो का?
- प्रत्येकाला सामान ठेवायला कुलपाची जागा आहे का?
- परिसरातला कचरा रोज उचलला जातो का, आणि उंदरांआधी पिसवांची फवारणी होते का?

उवा आणि पिसवा यांच्यामुळे होणाऱ्या आजारांवर औषधं स्वस्त आहेत, आणि हे आजार कसे पसरतात याचं ज्ञान शंभर वर्षांहून जुनं आहे. तरीही श्रीमंत शहरांच्या फूटपाथवर माणसाच्या हृदयाची झडप खराब होते, कारण त्याच्याकडे कपडे बदलण्याची जागा नसते. आरोग्य खात्याच्या खर्चात गोळ्यांच्या शेजारी साबण, गरम पाणी आणि सदरा-पँटचा एक जादा जोड लिहिला जाईल, तेव्हा या आजारांचा प्रतिबंध खऱ्या अर्थाने सुरू होईल. ही मागणी करणं आपल्या हातात आहे, आणि ती पुरी करणं कुठल्याही नगरपालिकेला परवडणारं आहे.